बंदरात काढलेला दिवस

२०२४ च्या सप्टेंबरात आम्ही सहा जण क्रोएशियाच्या किनाऱ्याने शिडाच्या होडीतून आठवडाभर हिंडलो. मी आणि माझी पत्नी, जहाजावरच्या नोकरीतले माझे दोन जुने सोबती आणि त्यांच्या सहधर्मचारिणी असा आमचा मेळा होता. परतल्यावर एका रविवारी मिस्सा सुटली आणि देवळाच्या आवारात नेहमीप्रमाणे चौकशा झाल्या. कोठे गेलात, काय पाहिलेत, किती खर्च आला, हे सारे विचारून झाले. त्या सात दिवसांतला एक संपूर्ण दिवस आम्ही एका छोट्या बंदरात होडी बांधून काढला, हे मी सांगताच आमच्या धर्मग्रामातील एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "अहो, एवढे पैसे मोजून गेलात ते बसायला? बसायचेच होते, तर घरचा ओटा काय वाईट होता?"

सगळे हसले. मीही हसलो. परंतु तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला आणि बरेच दिवस मुक्कामाला राहिला. त्या गृहस्थांविषयी माझ्या मनात आदर आहे. त्यांनी आयुष्यभर कष्ट केले, मुले शिकवली, देवळाच्या प्रत्येक कामाला हात लावला. माझे भांडण आहे ते ज्या समजुतीतून हा प्रश्न उपजला तिच्याशी. जो दिवस काही करण्यात, काही पाहण्यात, काही मिळवण्यात गेला नाही तो वाया गेला, ही ती समजूत. ती आज आपल्या घराघरांत इतकी मुरली आहे की, तिला कोणी समजूत म्हणतच नाही. तिला शहाणपण म्हणतात. हा लेख त्या शहाणपणाविरुद्ध आहे.

प्रथम त्या दिवसाची हकीकत सांगतो.

एड्रियाटिक समुद्रात व्हिस नावाचे बेट आहे. युगोस्लाव्हियाच्या काळात तेथे लष्करी तळ होता, आणि १९८९ पर्यंत परकीयांना तेथे प्रवेश नव्हता. त्या बेटाच्या पश्चिमेला, हूम डोंगराच्या पायथ्याशी, कोमिझा हे कोळ्यांचे गाव आहे. शनिवारी सायंकाळी आम्ही तेथील धक्क्याला होडीची पिछाडी बांधली. रविवारी पहाटे जाग आली ती दोरांच्या कुरकुरण्याने. त्या किनाऱ्यावर ईशान्येकडून, डोंगरावरून झोतांनी खाली कोसळणारा एक वारा आहे. त्याचे नाव 'बुरा'. आपल्या कानाला ते नाव अर्थासकट कळते. आमच्यातला जो पूर्वी कप्तान होता त्याने डेकवर उभे राहून आभाळ पाहिले, डोलकाठीवरचा वारादर्शक पाहिला आणि म्हणाला, "आज कोठे जायचे नाही." समुद्रावर अशा निर्णयाशी वाद घालीत नाहीत.

मग आम्ही काय केले? गावातल्या देवळात सकाळची मिस्सा ऐकली. भाषेचा एक शब्द कळला नाही. परंतु कोठे उभे राहायचे, कोठे गुडघे टेकायचे आणि शेजाऱ्याचा हात केव्हा हाती घ्यायचा, हे सारे कळत होते. येताना बेकरीतून तेथली पोगाचा आणली. खारवलेली मासळी, कांदा आणि टोमॅटो पोटात घालून भाजलेली ही रोटी पूर्वी समुद्रावर जाणाऱ्यांची शिदोरी असे. दुपारचा स्वयंपाक आम्हा तिघा पुरुषांनी केला. मासळी थोडी करपली. पण आमच्या बायका पाय लांब करून डेकवर बसल्या होत्या, त्यांनी तक्रार केली नाही. धक्क्यामागचे किराणा दुकान बंद होते, म्हणून चहा दुधाविना झाला. ऊन उतरल्यावर द्राक्षांच्या मळ्यांमधून चढून आम्ही टेकडीवरच्या संत निकोलसच्या देवळाशी गेलो. दरवर्षी ६ डिसेंबरला, खलाशांच्या या आश्रयदात्या संताच्या सणाला, त्या देवळासमोर एक जुनी लाकडी होडी जाळतात. जिने आयुष्यभर माणसे पोसली तिला भंगारात न टाकता संताच्या चरणी निरोप देण्याची ही रीत मला फार भावली.

खाली उतरलो तेव्हा धक्क्यावरच्या बाकांवर गावचे म्हातारे कोळी पत्ते खेळत होते. यांचे वाडवडील आळशी होते असे कोणी म्हणू धजणार नाही. फालकुशा नावाच्या लहान होड्या शिडांवर आणि वल्ह्यांवर हाकीत ही माणसे भर समुद्रातल्या पालाग्रुझा बेटापर्यंत जात. ते अंतर ४२ सागरी मैलांचे. त्या बेटावर होड्या लावण्याजोगी वाळू थोडी, म्हणून जो आधी पोहोचेल त्याची जागा. त्यामुळे ही जाणी म्हणजे शर्यतच असे, आणि अशा शर्यतीची नोंद १५९३ सालापासून सापडते. त्या कष्टांचे वारस रविवारी सायंकाळी पत्ते खेळताना कोणाला काही वाया जात आहे असे वाटत नव्हते.

त्या रात्री, जेवण झाल्यावर, दोर कुरकुरत असताना, आमच्यातला एक मित्र बोलू लागला. त्याचे वडील वारले तेव्हा तो पॅसिफिक महासागरात होता. तारेने बातमी आली; पण पुढचे बंदर नऊ दिवसांवर. त्याने त्या दिवशीही इंजिनरूममधली आपली पाळी केली. मी त्याच जहाजावर, त्याच पाळीत होतो. बातमी मला ठाऊक होती. मी त्याचा खांदा थोपटला होता आणि आम्ही दोघे पुन्हा कामाला लागलो होतो. त्या नऊ दिवसांत त्याच्या मनात काय चालले होते, हे त्याने मला त्या रात्री कोमिझाच्या बंदरात प्रथमच सांगितले. मध्ये चौतीस वर्षे गेली होती. या चौतीस वर्षांत आम्ही शेकडो वेळा भेटलो, लग्नांना गेलो, बारशांना गेलो, एकमेकांच्या घरी जेवलो. पण हे बोलायला वेळ झाला नाही, कारण प्रत्येक भेटीला काही ना काही कारण होते आणि ते संपले की निघायची घाई होती. ज्या दिवशी कोठेच जायचे नव्हते त्या दिवशी ते बोलणे निघाले.

आता मला सांगा, हा दिवस वाया गेला काय?

याला एक धार्मिक वेषातला आक्षेप येतो, आणि तो आपल्या लोकांच्या तोंडी फार असतो. आळस हे सात मूळ पापांपैकी एक आहे, असे आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केले. खरे आहे. परंतु ज्यांनी या पापाचा सखोल विचार केला त्या संत थॉमस अक्वायनस यांनी ते कोणत्या आज्ञेविरुद्ध आहे असे सांगितले? शब्बाथ पवित्र पाळण्याच्या आज्ञेविरुद्ध! म्हणजे ज्याला खऱ्या अर्थाने थांबता येत नाही, देवाच्या सान्निध्यात मन स्थिर करता येत नाही, त्याच्या आत्म्याला आळसाचा रोग जडला आहे. सहा दिवस धावणारा आणि सातव्या दिवशीही धावणारा माणूस उद्योगी दिसतो. अक्वायनसांच्या तराजूत तोही आळशी ठरू शकतो. जर्मन कॅथलिक तत्त्वचिंतक योसेफ पीपर यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली, हाच धागा उचलून एक लहानसे पुस्तक लिहिले. उद्ध्वस्त जर्मनीत सारे जण विटा रचीत असताना त्यांनी निवांतपणाची बाजू मांडली. माणूस केवळ कामगार नाही, आणि उपासनेची मुळे निवांतपणातच रुजतात, हे त्यांचे म्हणणे होते.

आणि शुभवर्तमान तरी काय सांगते? प्रेषित आपली पहिली कामगिरी आटोपून परतले. लोकांची ये-जा इतकी की, त्यांना जेवायलाही उसंत नव्हती. अशा वेळी प्रभूने त्यांना आणखी कामे सांगितली नाहीत. एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या, असे म्हटले आणि ते होडीतून निघाले. पुढे लोकसमुदायाने त्यांना गाठले आणि प्रभूला त्यांची दया आली, हे खरे. पण आधी बोलावणे आले ते विसाव्याचे. गालीलच्या सरोवरात १९८६ साली पाणी ओसरल्यावर गाळात एक प्राचीन होडी सापडली. ती ख्रिस्तकाळाच्या सुमाराची, साधारण सव्वाआठ मीटर लांबीची आहे. आमची भाड्याची होडी तिच्याहून थोडी मोठी होती. अशाच एका होडीच्या पिछाडीला, वादळ चालू असताना, प्रभू उशीवर डोके ठेवून झोपला होता. त्याच्या झोपेला आपण आळस म्हणणार काय?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि त्याला मी बगल देणार नाही. हे सारे पैसेवाल्यांचे चोचले आहेत. ज्याचे हातावर पोट आहे त्याने कोणत्या बंदरात बसावे? मला हा आक्षेप मान्य आहे. किंबहुना तो मी स्वतः जगलो आहे. मी बत्तीस वर्षे व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काम केले. त्या काळात किती बंदरे पाहिली याची मोजदाद नाही; पण बंदरातला दिवस मला मिळाला नव्हता. जहाज धक्क्याला लागले की, समुद्रावर जे उघडता येत नाही ते यंत्र उघडायचे, तेल भरायचे, सुटे भाग मोजून घ्यायचे. कोमिझातला तो रविवार हा माझा पहिला बंदरातला दिवस, आणि तो मला वयाच्या सत्तरीकडे झुकताना, पदरचे पैसे मोजून मिळाला.

आजच्या खलाशाची अवस्था आमच्याहून बिकट आहे. मालाच्या गोण्या आणि पेट्या क्रेनने एकेक उचलण्याच्या काळात जहाजे बंदरात अनेक दिवस पडून राहत, आणि निदान डेकवरच्या लोकांना पाय मोकळे करायला मिळत. १९५६ साली अमेरिकेत पहिले कंटेनरवाहू जहाज निघाले आणि त्या पेटाऱ्याने जगाचा व्यापार बदलला. आता भले प्रचंड जहाज असो, ते बहुधा दिवसभरात, कधी त्याहून लवकर, रिकामे होऊन भरून निघते. बंदरेही शहरापासून दूर गेली. आपल्या डोळ्यांदेखत १९८९ साली न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले आणि कंटेनरचा व्यापार मुंबईच्या गोद्यांमधून खाडीपलीकडे गेला. खलाशांच्या हक्कांचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली अमलात आला. त्यात चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती द्यावी असे लिहिले आहे. तास मिळाले तरी दिवस मिळत नाही. २०२० साली महामारीत बंदरांचे दरवाजे बंद झाले, तेव्हा करार संपूनही लाखो खलाशी महिनोन्महिने जहाजांवर अडकून पडले. १९२० साली ग्लासगोमध्ये ज्या 'समुद्राच्या प्रेषितकार्याचा' आरंभ झाला, आणि जे आज 'स्टेला मारिस' या नावाने ओळखले जाते, त्याचे धर्मगुरू आणि स्वयंसेवक धक्क्यावर जाऊन अशा माणसांना भेटतात. आपल्या धर्मग्रामांतून कितीतरी मुले जहाजावर जातात. जुलैच्या दुसऱ्या रविवारी 'सागर रविवार' येतो. त्या दिवशी श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत आपण त्यांना आठवतो काय?

यावरून निष्कर्ष कोणता काढायचा? काही जणांचा निष्कर्ष असा की, गरिबाला विसावा नाही, म्हणून कोणीच विसावा घेऊ नये. हा उलटा न्याय झाला. विसावा चांगला आहे, म्हणून तो ज्याला नाही त्याला मिळाला पाहिजे, हा सरळ न्याय. अनुवादाच्या ग्रंथातली शब्बाथाची आज्ञा पुन्हा एकदा काढून वाचा. तीत मुलगा आहे, मुलगी आहे, गडी आणि मोलकरीण आहे, बैल आणि गाढव आहे, वेशीच्या आत राहणारा परका माणूसही आहे. तुम्ही एके काळी मिसरात गुलाम होता हे विसरू नका, अशी आठवण तिला जोडलेली आहे. ज्याला सुटी नाही तो गुलाम, ही व्याख्या इतक्या जुन्या काळी देवाने करून ठेवली.

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी नाही. आपण आज ज्या रविवारी मिस्सेला जातो तो सुटीचा रविवार मुंबईच्या गिरणी कामगारांना कोणी मिळवून दिला? सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचाही वार. त्यानंतर वर्षभराने, मे १८९१ मध्ये, पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले आणि रविवारची विश्रांती हा कामगाराचा हक्क असल्याचे जगाला सांगितले. ही विश्रांती म्हणजे व्यसनांत आणि उधळपट्टीत घालवायचा रिकामा वेळ नव्हे, तिला देवाचे अधिष्ठान हवे, हेही त्यांनी बजावले. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेताना याच परिपत्रकाचे स्मरण केले. दरम्यान १९९८ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी 'प्रभूचा दिवस' या विषयावर स्वतंत्र पत्र लिहिले. म्हणजे ज्याला आपण चैन समजतो, त्यासाठी जेजुरीच्या भक्तांनी आणि रोमच्या पोपनी दोघांनीही झगडा केला आहे.

कोमिझात आम्हाला दूध मिळाले नाही, त्यामागेही असाच झगडा आहे. क्रोएशियात रविवारी दुकाने बंद ठेवण्याचा कायदा दोनदा झाला आणि २००४ व २००९ मध्ये तेथील घटना न्यायालयाने तो दोनदा रद्द केला. अखेर १ जुलै २०२३ पासून नवा कायदा आला. दुकानदाराला वर्षातले फक्त १६ रविवार दुकान उघडता येते. स्थानके, विमानतळ, पेट्रोलपंप यांना सूट आहे. आमच्यातल्या एका वहिनींनी त्या बंद दाराशी प्रथम कपाळाला आठ्या घातल्या. मग त्याच म्हणाल्या, "गल्ल्यावर बसणारी मुलगी आज आपल्या आईकडे गेली असेल." आमचा कोरा चहा हा तिच्या सुटीसाठी आम्ही दिलेला कर होता, आणि तो जड नव्हता.

आता आपल्या घरांकडे वळू. आपल्या धर्मग्रामात रविवार कोणाला आहे? मुलांना नाही; सकाळी सातपासून त्यांची शिकवणी असते, आणि मिस्सेला की वर्गाला या प्रश्नाचे उत्तर पालक न लाजता देतात. बाप्यांना थोडाफार आहे. घरच्या बाईला तर मुळीच नाही. इतर दिवशी भाजीपोळीवर भागते, रविवारी मात्र मटण, वडे आणि पाहुणे. सगळ्यांच्या विसाव्याचे ओझे तिच्या एकटीच्या पाठीवर, आणि तिने मिस्सेत डुलकी घेतली तर आपण हसतो. धुण्याभांड्याच्या बाईला आठवड्याची सुटी देणारी कॅथलिक घरे किती, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी मोजावे. आणि क्षमा मागून म्हणतो, आपली देवळेही यातून सुटत नाहीत. परिषदेची सभा, मंडळाची सभा, शिबिर, सराव, सहविचार, सारे रविवारी. कार्यकर्ता सायंकाळी घरी येतो तो सोमवारचा थकवा आगाऊ घेऊन. सहलीलाही आपण तेच रूप दिले आहे. पाच दिवसांत अकरा ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटे, आणि फोटो.

आपले पूर्वज आपल्याहून शहाणे होते. शेतकऱ्याने बैलासाठी पोळा राखून ठेवला. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. आपले कोळी बांधव १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटी किनाऱ्याला ओढून ठेवतात. सरकारचा नियम आहेच. परंतु त्या काळात मासळीला वाढू दिले नाही, तर पुढे जाळ्यात काय येणार, हे त्यांना नियमाआधीपासून ठाऊक आहे. बैलाला आणि मासळीला जे लागू, ते आईला, मुलाला आणि मोलकरणीला लागू नाही काय?

माझे मागणे मोठे नाही. रविवारी दुपारनंतर देवळात कोणतीही सभा नसावी. रविवारी सकाळी वर्ग ठेवणाऱ्या शिकवण्यांत मुले घालणार नाही, असे पालकांनी एकमेकांत ठरवावे. पाचपन्नास घरांनी ठरवले तर वर्गाची वेळ बदलते. रविवारचे एक जेवण पुरुषांनी करावे. मासळी करपली तर करपो. कामाच्या बाईला पगारी सुटी द्यावी. आणि वर्षातून एखादा दिवस तरी असा असावा की, मित्रांबरोबर होडी बांधून ठेवली आहे आणि आज कोठे जायचे नाही.

यासाठी क्रोएशियाला जावे लागत नाही. आमच्या ज्येष्ठ स्नेह्यांचा प्रश्न येथे मला पुन्हा आठवतो: घरचा ओटा काय वाईट होता? काहीच वाईट नव्हता. त्यांचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. माझ्या ओट्याला मी दहा वर्षांपूर्वी जाळी बसवली आणि तेथे आता नातवाची स्कूटर आणि पाण्याची पिंपे असतात. गेल्या शनिवारी मी ती हलवली, ओटा धुतला, दोन खुर्च्या टाकल्या. त्या गृहस्थांना मी येत्या रविवारी दुपारी चार वाजता बोलावले आहे. काम काय, असे त्यांनी विचारले. काम काही नाही, असे मी सांगितले. ते थोडे गोंधळले. पण येतो म्हणाले.